पायी जाणाऱ्यांचा रकाना

कोहका, भिलाई
४ जुलै २०२३

रश्मी पोरी,

तुझ्या मामाचं अक्षर अजून ओळखू येतं का, बघ. फोनवर बोलणं आता माझ्याच्यानं होत नाही. चौतीस वर्षं दुर्ग लाइनवर गेटमन म्हणून काढली, इंजिनांच्या भोंग्यांनी कान नेले. मागच्या खेपेला तू म्हणे तुझ्या तापाचं सांगत होतीस आणि मी म्हटलं, 'छान, छान.' म्हणून हा कागद.

मोनाला जाऊन सात महिने झाले. नातीचं नाव लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो. ज्या वाटेवर ती गेली, त्याच वाटेनं आता धाकटी नीतू शाळेत जाणार होती, सहावीत. शाळा उघडून पंधरा दिवस झाले आणि पोरगी घरात बसून आहे. माझी सून प्राची, तिनं भूषणला माझ्यासमोर साफ सांगितलं, "त्या सडकेनं एक पोरगी पाठवली मी. दुसरी नाही पाठवत." भूषणची रसमड्याच्या कारखान्यात शिफ्ट ड्यूटी, तो रोज सोडायला कुठून येणार? ऑटोवाल्यांवर प्राचीचा भरवसा नाही. माझा गुडघा मला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत नेतो आणि तिथे संप करतो. दसऱ्यापर्यंत सडकेचं काही झालं नाही तर नीतूला गोंदियाला आजोळी ठेवायचं ठरलं आहे. म्हणजे एक पोर देवानं नेली आणि दुसरी आम्ही आमच्या हातानं घराबाहेर काढणार.

आता कामाचं. शाळेच्या पालक समितीत कळलं की सरकार शाळेच्या वाटांसाठी पैसा देणार आहे. फुटपाथ, सायकलींना वेगळी पट्टी, सडक ओलांडायच्या जागी उंचवटा. नगर निगमचे हे कागद नागपूरच्या ज्या ऑफिसात तयार होतात तिथे तू आहेस, असं तुझी आई म्हणाली. आमची वाट तू पाहिली आहेस. लहानपणी त्याच वाटेनं तुला पावर हाउसच्या बाजारात नेत होतो आणि तू अर्ध्यातच 'कडेवर घ्या' म्हणून बसकण मारत होतीस.

घरी बाकी ठीक. प्राची माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. दुःखात माणसाला बोलावंसं वाटत नाही, दुसरं काही नाही.

तुझा
गुलाबमामा


नागपूर
११ जुलै २०२३

मामा, पाया पडते.

तुमचं पत्र ऑफिसात नेऊन वाचलं आणि मग तोंड धुऊन आले. मोनाच्या वेळी मी दोन दिवसांत परतले, प्राचीवहिनीजवळ नीट बसलेही नाही. ते मनात आहे.

हो, भिलाईचे कागद माझ्याच टेबलावर आहेत. आधीच सांगते, नात्यातली म्हणून एक आकडा इकडचा तिकडे करणार नाही. तुम्हालाही ते आवडणार नाही. नियम असा आहे की तुमच्या झोनमधून या वर्षी एकच वाट घेतली जाईल, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या एका शाळेच्या वाटेचाही अर्ज आहे. शाळा भरताना आणि सुटताना वाटेवरून काय काय जातं, ते सात दिवस मोजायचं. वर्दळ जास्त, मुलांना धोका जास्त, त्या वाटेला पैसा. मोजणी समितीनंच करून पाठवायची आहे.

मोजायला तुम्हीच बसा. मोजणी कशी करायची हे मी तुम्हाला काय शिकवणार! आई सांगते, रेल्वे गेटवर ये-जा करणाऱ्या गाड्यांची मोजणी असली की तुम्ही डबासुद्धा डाव्या हातानं खात होतात. कागद दहा ऑगस्टच्या आत माझ्याकडे पोचू द्या.

नीतूला सांगा, आत्या प्रयत्न करते आहे.

रश्मी


कोहका
३० जुलै २०२३

रश्मी,

सोबत वही पाठवतो. सात दिवस, सकाळी आणि दुपारी. नवी वही, चार टोकदार पेन्सिली, शाळेच्या अलीकडच्या वळणावर पानठेल्याच्या सावलीत माझं स्टूल. पानठेलेवाला शामसुंदर पहिल्या दिवशी हसला आणि तिसऱ्या दिवसापासून चहा पाजू लागला.

आमच्या वेळी गेटची मोजणी जशी होत होती तशीच शिस्तीत केली आहे. ट्रक, मेटाडोर, मोटार, बैलगाडी, सगळ्यांचे वेगळे रकाने. ऑटो वेगळे. सायकली गेटवर कोणी विचारत नव्हतं, पण ही शाळेची वाट, म्हणून तो रकाना मी माझ्या मनानं वाढवला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ट्रकांचा आकडा बघ, डोळे फिरतील. हायवेवर जाम लागला की रसमड्याकडचा सगळा लोंढा आमच्याकडे वळतो.

नीतू सातही दिवस माझ्याजवळ बसली. तेवढी परवानगी मिळाली, आणि तेवढे दिवस भूषणनं शिफ्ट बदलून आम्हाला नेलं-आणलं. पोरगी बडबडी फार. पहिल्याच दिवशी विचारते, "आजोबा, ये जो पैदल जाऊन राहिले, त्यायले कावून नाही लिवत तुमी?"

मी म्हटलं, "पायी मानूस धरत नसतेत, बाई. गेटवर बी नोयतो धरत."

"कावून?"

"चूप बस, गिनती चुकते."

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी शामसुंदरकडून गोळी घेऊन दिली तेव्हा तोंड बंद झालं. गेटचा नियम तिला कसा समजावणार? गाडीला फाटक लागतं, पायी माणूस खालून वाकून निघून जातो, म्हणून त्याची नोंद नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा मोठ्या साहेबांनी मला हेच शिकवलं.

पाचव्या दिवशी झोडपून पाऊस आला. नीतूनं माझ्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजली. शेवटच्या दिवशी वही मिटली तेव्हा म्हणाली, "आता सडक बनन ना, आजोबा?" मी हो म्हटलं आहे. आता तुझ्या हातात.

गुलाबमामा


नागपूर
१९ ऑक्टोबर २०२३

मामा,

वाईट बातमी आहे. तुमच्या झोनमधून दुसरी वाट घेतली गेली. त्या वाटेवर मुलं जास्त निघाली. पुढच्या वर्षी दुसरी फेरी होईल, तेव्हा पुन्हा अर्ज करता येईल.

दसरा पाच दिवसांवर आला आहे, हे मला माहीत आहे. वहिनींना थोडं थांबायला सांगता येईल का? जास्त लिहिवत नाही.

रश्मी


कोहका
३१ ऑक्टोबर २०२३

रश्मी,

नीतू शुक्रवारी गोंदियाला गेली. भूषण सोडून आला. स्टेशनवर जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही, म्हणजे तिनं माझा राग धरला आहे. धरावाच. मी हो म्हटलं होतं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सहा ओळी. 'मुलं जास्त निघाली.' पोरी, ती दुसरी शाळा मला माहीत आहे. तिची अर्धीअधिक मुलं ऑटोनं येतात. आमच्या शाळेत आठशेच्या वर पोरं आहेत आणि सकाळी त्या वळणावर त्यांच्या पाठीवरच्या दप्तरांशिवाय दुसरं काही दिसत नाही. ती कुठे गेली? तुमच्या नागपूरच्या टेबलावर पोचेपर्यंत कुठे आटली? मला राजकारण कळत नाही, पण मोजणी कळते. माझ्या वहीत कोणी हात घातला असेल तर मला नाव सांग. मी म्हातारा झालो तरी निगमच्या पायऱ्या चढून जाईन.

तुझ्यावर संशय घेत नाही असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? चार दिवस मी तुझ्यावरही संशय घेतला.

गुलाबराव


नागपूर
८ नोव्हेंबर २०२३

मामा,

संशय घेतलात ते बरं झालं. मी लपवलं होतं. आता सगळं लिहिते.

वहीत कोणी हात घातला नाही. तुमच्या वहीत पायी जाणारं एकही मूल नाही. ट्रक आहेत, ऑटो आहेत, सायकली आहेत, शेवटच्या दिवशी गेलेल्या दोन बैलगाड्यासुद्धा आहेत. त्या आठशेंतली पायी चालणारी शेकडो मुलं मात्र नाहीत. तुम्ही त्यांना गेटच्या नियमानं सोडून दिलंत.

पण अर्धी चूक माझी आहे, आणि ती जास्त वाईट आहे. आमच्या कॉम्प्युटरवरच्या अर्जात पायी जाणाऱ्यांचा रकाना आहे. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. नऊ ऑगस्टची संध्याकाळ होती, माझ्यासमोर अकरा शाळांचे कागद होते. मी तुमची वही उलटली, रकाना सापडला नाही, आणि मी तिथे शून्य टाकलं. मनात म्हटलं, मामांची मोजणी आहे, नसेल कोणी पायी जात. एक फोन केला असता तर तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण भूषणदादाला आलं असतं. तोही केला नाही. निकालात लिहून आलं आहे, 'या वाटेवर पायी जाणारे विद्यार्थी नसल्याने फुटपाथची गरज दिसत नाही.' ती ओळ तुम्हाला लिहायची मला लाज वाटली.

आणि मामा, नीतूनं विचारलं होतं. तुमच्याच पत्रात आहे. मी ते वाचून हसले होते. आपल्या सगळ्यांत ती एकटी बरोबर होती.

मी साहेबांना चूक लेखी दिली. नोटीस मिळाली. मिळायलाच हवी होती. निकाल मात्र बदलत नाही.

तुम्हाला रागवायचा हक्क आहे. पण लिहा.

रश्मी


कोहका
१५ जानेवारी २०२४

रश्मी,

दोन महिने लिहिलं नाही. तुझ्यावर रागावलो म्हणून नाही. तुझं पत्र वाचून वही काढायला गेलो, तेव्हा आठवलं की ती तुझ्याकडे आहे. मग रिकामा बसून राहिलो.

तू लपवलंस तसं मीही लपवलं आहे. प्राची माझ्याशी का बोलत नाही हे मला चांगलं माहीत आहे.

नववीत मुलींना शाळेतून सायकल मिळते, तशी मोनाला मिळाली होती. प्राचीचा विरोध होता. मीच म्हटलं, "जाऊ दे ना तिले, सारे लेकरं जाऊन राहिले." अंगणात मी तिला हवा भरायला, चेन बसवायला शिकवलं. आणि एक गोष्ट पक्की बजावली. "पंक्चर झाली त वर बसू नोको, रिम वाकते. हातात धरून आनजो." दहा वेळा सांगितलं. पोरगी ऐकणारी होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मागचं चाक बसलं. मैत्रिणी सायकलींवर पुढे निघून गेल्या. मोना माझं ऐकून सायकल हातात धरून चालत आली. कडेला उघडी नाली आहे. सायकलीला गाडीचा धक्का लागू नये म्हणून तिनं ती नालीच्या बाजूला धरली आणि स्वतः सडकेच्या बाजूनं चालली. ट्रक वळणावर आला. सायकलीला ओरखडासुद्धा आला नाही, रश्मी. रिम सरळ आहे. मागच्या अंगणात उभी आहे ती, तशीच, पंक्चर. तिला कोणी हात लावत नाही.

प्राचीला हे मैत्रिणींकडून कळलं. तिनं मला एकच विचारलं, "तुमीच सांगतलं होतं ना?" मी मान डोलावली. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता दोन महिने माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. मोना त्या दिवशी पायी होती. मी सात दिवस त्याच वळणावर बसलो, तिच्यासाठी बसलो, बैलगाडीची रेघ ओढली, आणि ती स्वतः समोरून आली असती तर मी तिची रेघ ओढली नसती. माझ्या मोजणीत माझी मोनाच नव्हती. चौतीस वर्षांत अशी किती माणसं माझ्या फाटकाखालून वाकून गेली असतील आणि मी वर बघितलं नसेल, देवाला ठाऊक.

दुसऱ्या फेरीची तारीख कळव. मी पुन्हा बसतो. एक विचारायचं आहे. सायकल हातात धरून चालणारं मूल कोणत्या रकान्यात लिहायचं?

गुलाबमामा


नागपूर
३ फेब्रुवारी २०२४

मामा,

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. आईलासुद्धा नाही.

तुम्ही पोरीला सायकल सांभाळायला शिकवलं. सडकेच्या कडेला तिला चालायला जागा ठेवणं हे तुमचं काम नव्हतं. हे खरं आहे म्हणून लिहिते. याच्यानं तुमचं मन हलकं होणार नाही, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या फेरीची मोजणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून. या वेळी वही मी आखून पाठवते आहे. पहिला रकाना पायी जाणाऱ्यांचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नियमात सापडलं नाही, म्हणून वरच्यांना विचारून घेतलं. ज्याचे पाय जमिनीवर, तो पायी. हातात सायकल असली तरी.

रश्मी


कोहका
२८ जुलै २०२४

रश्मी,

वही पाठवतो. पायी जाणारे, सकाळच्या एका फेरीत, सगळ्यात कमी चारशे सत्तावीस, सगळ्यात जास्त पाचशे तीन. रेघा ओढून बोट सुजलं. पोरं आता मला ओळखतात. "आजोबा, मेरा लिखा क्या?" म्हणत जातात, आणि एकदा लिहिलेलं पोर गंमत म्हणून मागे फिरून पुन्हा येतं. अशांना मी दुसऱ्यांदा धरलं नाही.

समितीतले शेषराव म्हणाले, "गुलाबराव, रोजचे पन्नास वाढवून द्या, कोन पायते?" मी म्हटलं, "मी पायतो." जेवढे गेले तेवढेच लिहिले आहेत. मागच्या वर्षी माझ्या वहीनं चारशे-पाचशे पोरं खाल्ली, या वर्षी ती एकही खोटं पोर जन्माला घालणार नाही.

एका दिवशी प्राची दुपारी त्या बाजूनं भाजी घेऊन चालली होती. उभी राहिली, वहीचा पहिला रकाना वाचला आणि निघून गेली.

नीतूनं गोंदियाहून पोस्टकार्ड टाकलं. त्यात एवढंच, 'इस बार पैदलवाले लिखे ना?' लिहिले, असं मी उत्तर टाकलं आहे. या खेपेला सडकेचं काही कबूल केलं नाही.

गुलाबमामा


नागपूर
१२ डिसेंबर २०२४

मामा,

मंजूर झालं. तुमची वाट यादीत पहिली आहे. मार्चमध्ये काम सुरू होईल, शाळा उघडायच्या आत संपवायचं आहे. पत्र पोचायच्या आधी भूषणदादाला फोन करते. तो तुमच्या कानाशी ओरडून सांगेल.

काम झालं की नवीन वाटेवर पुन्हा एकदा मोजणी द्यावी लागते. तेवढी राहिली.

रश्मी


कोहका
८ जुलै २०२५

रश्मी,

फुटपाथ झाला, पट्टी झाली, उंचवटा झाला. नालीवर झाकणं आली. शामसुंदरच्या ठेल्यासमोरची एक फरशी हलते. ठेकेदाराच्या माणसाला दोनदा दाखवली, तो दोन्ही वेळा हसला. तिसऱ्यांदा दाखवीन.

नीतू जूनमध्ये परत आली. आठवीत गेली, माझ्या खांद्याला लागली. पहिल्या दिवशी प्राची तिच्यासोबत शाळेपर्यंत चालत गेली आणि सुटेपर्यंत शाळेच्या दारातच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत. आता घराच्या फाटकापर्यंत येते.

या वेळी मोजायला मी नाही म्हटलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आणि अंधुक डोळ्यांनी वही धरणं मला पटत नाही. समितीत विचारलं, कोण बसेल? मग बायकांच्या रांगेतून आवाज आला, "मी बसतो." प्राची होती.

काल सोमवारी पहिला दिवस. सकाळी मी मागच्या अंगणात गेलो आणि मोनाची सायकल बाहेर काढली. मागचं चाक तसंच बसलेलं. नीतूला म्हटलं, काठीपेक्षा आधाराला बरी. तिनं फडक्यानं सीट पुसली. निघालो. फुटपाथवर नीतू आतल्या बाजूला, मध्ये सायकल, मी सडकेच्या बाजूला. गुडघ्यानं चार वेळा बसवलं. पोरं आम्हाला ओलांडून पुढे जात होती.

वळणावर प्राची माझ्याच स्टुलावर बसली होती, मांडीवर वही. खाली मान घालून रेघा ओढत होती. आम्ही समोर आलो तेव्हा वर बघितलं. आधी सायकल दिसली तिला. बराच वेळ ती सायकलीकडेच बघत राहिली आणि मला वाटलं, आता उठून निघून जाईल. आपल्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते, तुला माहीत आहे. अडीच वर्षांत ती हाक मी ऐकली नव्हती. माझे कान असे, तरी काल ऐकू आली.

"मामाजी, हे कशात लिवू? सायकलीत का पायी?"

मी म्हटलं, "पायी. हातात धरली तरी पायीच."

तिनं पहिल्या रकान्यात एक रेघ ओढली, माझी. दुसरी ओढली, नीतूची. मग पेन्सिल कागदावर तशीच टेकवून थांबली, आणि तिसरी ओढली.

मी पाहिलं. मी पाहिलं हे तिलाही कळलं. चौतीस वर्षांत खोटी रेघ मी कोणाची चालू दिली नाही, शेषरावाला पन्नासांचं नाही म्हटलं. काल मी तिला ती रेघ खोडायला सांगितली नाही. मला तिथेच, सगळ्या पोरांसमोर, रडू फुटलं. प्राची उठली आणि मला स्टुलावर बसवलं. उरलेली मोजणी तिनं उभ्यानं केली.

वही पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येईल. सोमवारच्या पानावर पायी जाणाऱ्यांत एक रेघ जास्त आहे. तुझ्या अर्जात आकडा भरताना ती वजा कर. वहीतली खोडू नकोस.

तुझा
गुलाबमामा